लग्न लागलेलं आहे

बाळाप्पा रामाप्पा हुक्केरी यांचं गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात निधन झालं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. न्यूमोनियाचं निमित्त झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बातमी मला त्यांच्या पत्नी शांताक्का यांनी फोनवरून दिली. त्या म्हणाल्या, ‘‘बाळाप्पा हुक्केरी गेले.’’ कोण बोलतंय आणि कुणाबद्दल, हे क्षणभर मला समजलं नाही. मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर आहेत, आणि इतक्या वर्षांत शांताक्कांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. घरात त्या त्यांना ‘ऐकलंसा का’ म्हणून हाक मारत, आणि आमच्याशी बोलताना ‘आमचं ह्ये’. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. त्यामुळं मी विचारलं, ‘‘कोण?’’ त्यांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगितलं... आणि फोन ठेवला.

कुठलीही गोष्ट दोनदा सांगणं ही खरं तर अप्पांची पद्धत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं ते मध्यवर्ती बसस्थानकावरच्या खिडकीत माईकसमोर बसले. ‘चंदगडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे’ हे वाक्य त्या काळात ज्यांनी ऐकलं, त्यांनी अप्पांचा आवाज ऐकला आहे. प्रत्येक घोषणा दोनदा व्हायची. एकदा सांगितलं तर निम्मा स्टँड ‘काय म्हणाला?’ असं शेजारच्याला विचारतो, असं ते म्हणत. त्यांचा दुसरा नियम अधिक कडक होता. गाडी प्रत्यक्ष फलाटावर उभी राहून चालकानं इंजिन बंद केल्याशिवाय ते ‘लागलेली आहे’ म्हणत नसत. गाडी वळणावर दिसत असली तरी नाही. वरिष्ठांनी एकदा गर्दी पांगवण्यासाठी ‘लागत आहे’ तरी म्हणा, असं सुचवलं होतं. अप्पांनी उत्तर दिलं, ‘‘साहेब, लागली न्हाईतर न्हाई लागली. मधलं काय नसतंय.’’ मी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. आमच्याकडंही हाच नियम होता, पण तो इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

निवृत्तीनंतर गल्लीतल्या एका मुलाच्या नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून ते विवाह नोंदणीच्या सरकारी कार्यालयात गेले. त्या दिवशी तिथं आणखी एक जोडपं होतं. कायद्याला तीन साक्षीदार लागतात आणि त्यांचा तिसरा आलेला नव्हता. अप्पांनी सही केली. सह्या झाल्यावर नवरा मुलगा टेबलासमोर तसाच उभा राहिला आणि थोड्या वेळानं त्यानं लिपिकाला विचारलं, ‘‘झालं का?’’ लिपिक म्हणाला, ‘‘झालं. पुढचे या.’’ अप्पांना हे खटकलं. घरी आल्यावर कट्ट्यावर बसून ते बराच वेळ तेवढ्यावरच बोलत होते. गाडी सुटली का न्हाई हे परवाशाला कळाय नको? माणसाचं लग्न लागलं आणि ते त्याला विचारून घ्यावं लागलं, हे कसलं ऑफिस...

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा गेले. पुढं जातच राहिले. अचूक सांगायचं तर अप्पांना कसलाही अधिकार नव्हता. मानधन नव्हतं, ओळखपत्र नव्हतं. कायद्यानं लग्न होतं ते विवाह अधिकाऱ्यासमोर, आणि प्रमाणपत्रावर सही त्यांचीच असते. पण त्याच कायद्यात एक अट आहे, जी घाईच्या दिवशी सह्यांखाली दबून जायची. वधू-वरांनी अधिकारी आणि साक्षीदारांच्या देखत, त्यांना समजेल अशा भाषेत, एकमेकांना तोंडानं सांगायचं असतं की मी अमुक, तुला अमुकला, कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो, स्वीकारते. तिथल्या अधिकारी मॅडमनी हे वाक्य म्हणवून घेण्याचं काम अप्पांकडं सोपवलं. त्यांना दाराजवळ एक लाकडी स्टूल मिळालं. जोडपं उभं राहिलं की ते स्टुलावरून उठत, वाक्य तुकड्या-तुकड्यानं सांगत आणि दोघांकडून मोठ्यानं म्हणवून घेत. सीमेकडच्या मुली असल्या तर कन्नडमधून. मॅडमची सही झाली की ते पेन खाली ठेवलेलं बघत आणि स्टँडवरच्या आवाजात सांगत, ‘‘लग्न लागलेलं आहे. लग्न लागलेलं आहे.’’ बाहेरच्या बाकावर दस्त नोंदवायला आलेली माणसंही मग टाळ्या वाजवायची.

अडचण यायची ती नावाची. मुलगा आपल्या होणाऱ्या बायकोचं नाव सहज सांगायचा. मुलीच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघायचं नाही. ती ‘ह्यांना’ म्हणायची, किंवा नुसतीच हसायची. कायद्यात ‘हे’ नावाचा कुणी नसतो, असं अप्पा समजावून सांगत. सुरवातीच्या काळात एका मुलीला ते नेहमीप्रमाणं म्हणाले, ‘‘बाई, नाव घे.’’ तिनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘टेबलावर कागद, कागदावर शाई, सागररावांचं नाव घेते, सही करायची घाई.’’ सगळी खोली हसली. मॅडमनी विचारलं, हे चालेल का? अप्पांनी विचार केला. ‘‘नाव आलं मॅडम. पती आला न्हाई.’’ त्या मुलीला पुन्हा, साध्या गद्यात, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट सगळं म्हणावं लागलं. तेव्हापासून अप्पा ‘नाव घे’ म्हणायचे बंद झाले. ते ‘नाव सांग’ म्हणायचे. दुसरी एक अडचण होती, ती त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. मुलगे ‘तुला’ म्हणत आणि मुली ‘तुम्हाला’. एकाच गाडीला दोन दर कशाला, असं त्यांनी एका नवऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘बायकांना हाफ तिकीट असतंयच की, अप्पा.’’

घरी हे सांगताना ते शांताक्कांना डिवचत. तू माझ्या टेबलासमोर नापास झाली असतीस, म्हणत. शांताक्का चुलीकडून मान न वळवता उत्तर देत, ‘‘माझं लगीन अक्षतांनी लागलंय. तुमच्या भोंग्यानं न्हाई.’’

यंदाच्या जूनअखेर एक मुलगा आणि एक मुलगी त्या कार्यालयात आले. त्यांची नावं इथं दिलेली नाहीत आणि कामाचे तपशील बदललेले आहेत. मुलगी शिरोळ तालुक्यातली, उसाचं चांगलं रान असलेल्या लिंगायत घरातली. कोल्हापुरात वसतिगृहात राहून ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करत होती. मुलगा चंदगडकडचा, बौद्ध घरातला, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. दवाखान्याच्या चिठ्ठ्या त्याच्याकडं यायच्या आणि तिचं अक्षर गावात त्यालाच तेवढं लागायचं, असं ती अप्पांना म्हणाली होती. मुलाची इच्छा लवकर उरकण्याची होती. परगावी एका ठिकाणी तासाभरात विधी करून दाखला देतात, अशी माहिती त्यानं काढली होती. नोंदणी लग्नाला महिनाभराची नोटीस लागते आणि ती कार्यालयाच्या फलकावर, दोघांची नावं-पत्ते लिहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावतात. मुलाला त्या फलकाची भीती वाटत होती. परगावच्या त्या विधीत मात्र एकाचा धर्म आला असता आणि दुसऱ्याचा मागं राहिला असता, आणि हे दोघांनाही नको होतं. अप्पांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘चोरून गेलासा तर जन्मभर चोरासारखं ऱ्हाशीला. हितं नावं लावा. उघड.’’ मुलीनं मुलाकडं बघितलं आणि ‘इथंच’ म्हणाली. अप्पांनी गंमत म्हणून तिच्याकडून वाक्याचा सराव करून घेतला. तिनं मुलाचं पूर्ण नाव पहिल्याच वेळी, न अडखळता सांगितलं. इतकं सरळ नाव सांगणारी मुलगी आपण पहिल्यांदा बघितली, असं अप्पांनी त्या संध्याकाळी मला दोनदा सांगितलं.

नोटीस लागली. महिना भरत आला असताना मुलीचे थोरले चुलते कार्यालयात आले. त्यांनी फलकासमोर उभं राहून नोटीस बोट फिरवत वाचली आणि मोबाइलवर त्या नोटिशीचा फोटो काढला. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. चुलत्यांनी नाव विचारलं. मग म्हणाले, ‘‘हुक्केरी म्हंजे आमच्यातलंच की तुम्ही.’’

‘‘व्हय.’’

‘‘आणि हितं बसून हे लावतायसा?’’

‘‘आपल्यातलं म्हणून तर चहा सांगितला.’’

चुलत्यांनी चहा घेतला. आवाज चढला नाही, हरकतीचा अर्जही त्यांनी दिला नाही. कप खाली ठेवून ते गेले. त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या दारात गाडी आली आणि आई आजारी आहे असं सांगून मुलीला गावी नेण्यात आलं. तिचा फोन बंद झाला.

लग्नासाठी ठरलेला दिवस पंधरवड्यानं आला. मुलगा तीन साक्षीदार घेऊन सकाळीच येऊन बसला. पावसानं पंचगंगा पात्राबाहेर आलेली होती. अप्पांनी स्टँडवरच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. शिरोळकडचा रस्ता पाण्याखाली आहे आणि त्या बाजूच्या सगळ्या गाड्या बंद आहेत, असं तिथून कळलं. अप्पा इतके खुशीत मी क्वचित बघितले असतील. गाडीच न्हाई तर पोरगी येणार कशी, असं त्यांनी मुलाला, साक्षीदारांना आणि मॅडमना सांगितलं. नोटिशीपासून तीन महिन्यांत कधीही लग्न लावता येतं, याला मॅडमनीही दुजोरा दिला. पुढं काही दिवस अप्पा सकाळ-संध्याकाळ नियंत्रण कक्षाला फोन करत होते. रस्ता बंद आहे हे ऐकून त्यांना बरं वाटायचं. मग पाणी उतरलं. एका सकाळी नियंत्रण कक्षातून सांगण्यात आलं की शिरोळच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. फोन ठेवून अप्पा कार्यालयात गेले आणि बंद होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ‘‘मीच म्हणालतो,’’ ते मला संध्याकाळी म्हणाले, ‘‘उघड लावा म्हणून मीच म्हणालतो.’’

मुलगा पोलिसांकडं गेला. मुलगी सज्ञान होती. पोलीस गावी जाऊन आले आणि त्यांनी तिचा जबाब घेतला. जबाब तिच्या घरी, बाहेरच्या सोप्यात, चुलते आणि वडील समोर बसलेले असताना झाला. मी आपल्या मर्जीनं घरी आहे आणि मला लग्न करायचं नाही, असं ती म्हणाली. कायद्याच्या दृष्टीनं प्रकरण तिथं संपलं. बरोबर गेलेली महिला पोलीस माझ्या माहितीतली होती. मी तिला भेटलो तेव्हा अप्पा माझ्याबरोबर होते. तिनं सांगितलं, मुलगी खाली बघून बोलत होती, रडली नाही. त्या मुलाला ओळखतेस का, असं विचारल्यावर ओळखते म्हणाली. अप्पांनी विचारलं, नाव सांगितलं का तिनं? महिला पोलीस म्हणाली, सांगितलं की, अगदी बापाच्या नावासकट, आडनावासकट; इतकं लांबलचक सांगितलं की मलाच नवल वाटलं, आणि चुलता उठून बाहेर गेला. परतताना गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्यावर अप्पा म्हणाले, ‘‘निम्मं वाक्य तर म्हणाली की.’’

बातमी करता आली असती का, याचा विचार मी केला आणि मॅडमनी, मुलानं आणि अप्पांनीही तो केला. छापून आलं असतं तर गावात त्या घराची चर्चा झाली असती आणि त्या चर्चेचं उत्तर मुलीला द्यावं लागलं असतं. वकिलांनी न्यायालयाचा मार्ग सांगितला. पण मुलगी स्वतः ‘घरी राहायचं आहे’ म्हणाल्याचा जबाब फायलीत होता, आणि तिथंही पुन्हा तिलाच विचारलं जाणार होतं. तिला एकटीला कसं विचारायचं, हे कुणाला सुचलं नाही. महसूल, पोलीस, न्यायालय, पंचायत अशी ओळखीची माणसं आम्हा दोघांच्याही आयुष्यभरात पुष्कळ झाली होती. त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नाही. अप्पा रोज कार्यालयात जात राहिले. दुसऱ्यांची लग्नं लागत होती. ते वाक्य म्हणवून घ्यायचे, घोषणा करायचे आणि पुन्हा दाराकडं तोंड करून बसायचे. मुलगाही सुट्टीच्या दिवशी यायचा.

ऑगस्टच्या अखेरीस अप्पांना ताप आला. त्यांनी तो अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा छाती भरलेली होती. मी शेवटचा भेटलो तो रविवार होता. ऑक्सिजनची नळी लावलेली होती, तरी त्यांनी मला बघून हात वर केला. शांताक्का मला खोलीबाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘सारखं एकच इचारत्यात. पोरगी आली का म्हणून. सांगा की तुम्ही, आली म्हणून. तुमचं ऐकत्यात.’’ मी आत गेलो. अप्पांनी मान वळवली. आवाज अगदी बारीक झाला होता, त्यामुळं मला वाकावं लागलं. त्यांनी विचारलं, ‘‘लागलं का?’’

मागं दारात शांताक्का उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘‘लागेल, अप्पा.’’

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, नाही अशी. मग म्हणाले, ‘‘लागेल न्हवं. लागलं का?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मग ऱ्हाऊ दे,’’ ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी शांताक्कांचा फोन आला.

अंत्यविधी लिंगायत रिवाजाप्रमाणं दफन करून झाला. मुलगा आला होता. तो मागं उभा राहिला आणि माती देऊन गेला. नंतर मृत्यूच्या नोंदीसाठी शांताक्कांबरोबर मी गेलो. खिडकीतल्या माणसानं मयताचं नाव विचारलं, तेव्हा मी सांगायला पुढं झालो होतो. शांताक्कांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. तो लिहीत होता, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. नातं विचारल्यावर ‘पती’ म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘बरोबर म्हणालो न्हवं?’’ मी हो म्हणालो.

सप्टेंबरच्या अखेरीस त्या नोटिशीची मुदत संपली. लिपिकानं ती फलकावरून काढली. नवी नोटीस द्यायची तर तिच्यावर दोघांच्याही सह्या लागतात. मुलगी अजून गावीच असल्याचं समजतं. तिचं दुसरीकडं ठरवलं जात असल्याचं तालुक्यातून ऐकायला मिळालं, पण त्याला दुजोरा मिळालेला नाही. मी दवाखान्यात चौकशी केली. तिच्या जागी दुसरी मुलगी आलेली आहे.

गेल्या आठवड्यात अप्पांच्या चष्म्यासाठी म्हणून मी कार्यालयात गेलो होतो. तो त्यांनी तिथल्या खिडकीत ठेवलेला असायचा आणि शांताक्कांना तो हवा होता. स्टूल दाराजवळच आहे. कुणी हलवलेलं नाही आणि त्यावर कुणी बसतही नाही, असं लिपिक म्हणाला. चष्मा मिळाला. त्याची एक दांडी सैल झाली होती. तो मुलगा बाहेरच्या बाकावर बसलेला होता. सुट्टीचा दिवस होता त्याचा. त्यानं चष्मा माझ्या हातातून घेतला, खिशातल्या बारक्या पेचकसानं स्क्रू पिळला आणि काचा शर्टाला पुसून परत दिला.

त्याच वेळी आत गारगोटीकडचं एक जोडपं उभं होतं. त्यांचा तिसरा साक्षीदार आलेला नव्हता. मॅडमनी दाराबाहेर बघितलं आणि बाकावरच्या त्या मुलाला साक्षीदार होतोस का म्हणून विचारलं. तो आत गेला. मॅडमनी स्वतः वाक्य सांगितलं, दोघांनी म्हटलं. मुलगी नावाशी अडली, हसली, मग तिनं सांगितलं. सह्या झाल्या. तिसरी सही त्या मुलानं केली. मॅडमनी सही करून पेन खाली ठेवलं आणि पुढचा कागद ओढला. जोडपं टेबलासमोर तसंच उभं होतं. नवऱ्या मुलानं इकडं तिकडं बघितलं, पण काही विचारलं नाही.

चष्म्याच्या दुकानातला मुलगा दारापर्यंत आला होता. तो स्टुलाजवळ थांबला आणि मागं वळला. ‘‘लग्न लागलेलं आहे,’’ तो म्हणाला. आवाज बेताचाच होता. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘‘काय म्हणाला?’’

त्यानं पुन्हा सांगितलं.